मनातली खुन्नस जपा, बाकीचं शरीर बघून घेईल

तब्येतीची वाट लावायची म्हटलं की लोकांना दारू, सिगारेट आणि जागरण याच्यापुढे काही सुचतच नाही. अहो त्याला पैसे पडतात, घरचे बोंबलतात, तोंडाला वास येतो तो वेगळाच. तुमच्याकडे जन्मापासून फुकटात आलेला स्वभाव पडलाय ना, त्याच्यावर जरा मेहनत घ्या की.

नवशिके काय करतात, घाईच्या मागे लागतात. सारखं घड्याळ बघायचं, लिफ्टचं बटण दाबत राहायचं, समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायचं, आणि वर मिरवायचं की आपण बुवा टाइप ए. हे टाइप ए प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या दोन हार्टच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात काढलं, पेशंट खुर्चीच्या अगदी कडेवर बसतात त्यामुळे वेटिंग रूममधल्या खुर्च्या पुढूनच झिजतात असा किस्सा त्याच्यामागे सांगतात. मग ३ हजारांवर पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं आणि टाइप ए वाल्यांना हृदयविकार जवळपास दुप्पट निघाला. झालं, घाईवाले खूश! पण १९८८ मध्ये त्याच लोकांचा पुढचा हिशोब आला, तर पहिल्या अटॅकमधून वाचलेल्यांत टाइप ए वाले उलट कमी मेले होते. आणि या संशोधनाला सिगारेट कंपन्यांनीही पैसे पुरवले होते हे नंतर बाहेर आलं, म्हणजे दोष स्वभावाला गेला की सिगारेट नामानिराळी.

सगळं चाळून खाली जे उरलं ते म्हणजे खुन्नस. कुणावर विश्वास नाही, जो तो आपल्या वाईटावरच टपलाय, ही जी भावना आहे ना तीच खरी कामाची. तेव्हा नुसतं धावपळ करून दमू नका.

आता साधा राग येऊन गेला तर फार काही होत नाही. अड्रेनलिन वाढतं, बीपी चढतं, रक्त गोठायला जास्त तयार होतं, आणि थोड्या वेळानं सगळं जागेवर येतं, इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. तुम्ही काय करायचं, तो प्रसंग फिक्स डिपॉझिटसारखा ठेवायचा आणि रोज रात्री आडवं झालं की काढून बघायचा. तो चारचौघांत काय म्हणाला, कसा हसला, आपण तेव्हा काय उत्तर द्यायला पाहिजे होतं. जुना अपमान नुसता आठवला तरी बीपी चढतं, शरीर काही तारीख विचारत नाही. समोरचा तिकडे घोरत असतो ते सोडा.

नवरा-बायकोंना तर घरातच सोय आहे. अमेरिकेत ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणून जखमा केल्या आणि त्यांना त्यांच्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं, तर जी जोडपी एकमेकांना टोचून बोलत होती त्यांच्या जखमा भरायचा वेग बाकीच्यांच्या साधारण ६० टक्केच निघाला. म्हणून भांडण विषयावर ठेवायचं नाही, पाच मिनिटांत सासर-माहेरावर आलंच पाहिजे.

आदर्श हवा असेल तर लंडनचे सर्जन जॉन हंटर बघा. चिडलं की छातीत कळ यायची, आणि मला डिवचणाऱ्या कुठल्याही बदमाशाच्या हातात माझा जीव आहे असं ते स्वतःच म्हणायचे. एवढं माहीत असून १७९३ मध्ये हॉस्पिटलच्या मीटिंगला गेले, वाद झाला, आणि तिथेच संपले. याला म्हणतात निष्ठा, नाहीतर आपण, बीपीच्या एका गोळीनं शांत होतो.

मित्रबित्र तोडून टाका, माणसं जोडून असलेले जास्त जगतात असं १४८ अभ्यास एकत्र करून निघालंय, म्हणजे ती भानगड नकोच.

पण माझा स्वभाव मुळात हसराच आहे, मी काय करू, असं विचारणारे असतील. घाबरू नका हो, तुमचीही सोय आहे. कॅलिफोर्नियातल्या दीड हजार हुशार पोरांवर १९२१ पासून आयुष्यभर नजर ठेवली, त्यात लहानपणी आनंदी म्हणून नोंदलेली पोरं उलट थोडी लवकर गेली आणि व्यवस्थित, जपून वागणारी जास्त जगली. तेव्हा मला काय धाड भरलीये म्हणत बीपीची गोळी विसरा, रिपोर्ट न उघडता ड्रॉवरमध्ये टाका आणि मस्त हसत रहा.

आणि एवढं करून खरंच काही दुखायला लागलं तर डॉक्टरकडे न जाता टेन्शनमुळे आहे म्हणून सोडून द्या. पोटाच्या अल्सरवाल्यांना अशीच वर्षानुवर्षं शांत रहा म्हणून सांगत होते, मग बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरनं १९८४ मध्ये जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि बऱ्याच अल्सरमागे जंतू आहेत, अँटिबायोटिकनं बरे होतात असं ठरलं, २००५ मध्ये त्याला आणि त्याच्या सहकारी वॉरनला नोबेल पण मिळालं. पण तुम्ही कशाला एवढ्या खोलात जाता.

हे ज्ञान दुसऱ्यांवर वापरायची मजा तर अजूनच वेगळी. कुणाला कॅन्सर झाला की भेटायला जायचं, पलंगाशेजारी बसायचं आणि हळूच म्हणायचं, तू सगळं मनात दाबून ठेवायचास ना, म्हणून झालं बघ. मोठमोठ्या अभ्यासांत स्वभावामुळे कॅन्सर होतो असं काही सापडलेलं नाही, पण पेशंटला ते कुठे माहिती असतं, आणि असलं तरी केमो घेऊन आलेला माणूस वाद किती घालणार. घातलाच आणि चिडून तुम्हाला बाहेर जा म्हणाला, तर दारातून वळून त्याच्या घरच्यांना सांगायचं, बघितलंत ना, हाच तो स्वभाव.