गिनी एअरवेजचाही उल्लेख हवा होता

लेख आवडला. दुर्गम भागातल्या विमानसेवांची सुरुवात सांगताना तुम्ही क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीवर थांबलात, पण ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटावरच्या गिनी एअरवेज या विमान कंपनीशिवाय हा इतिहास अपुरा वाटतो.

१९२६ मध्ये तिथल्या डोंगराळ भागात ईडी क्रीकला सोनं सापडलं. किनाऱ्यावरून तिथे पोचायला जंगल आणि डोंगरातून आठवडाभराची पायपीट, आणि सगळं ओझं स्थानिक हमालांच्या पाठीवर. त्यांच्या हालांबद्दल फारच कमी लिहिलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं. गिनी एअरवेजचे संस्थापक सेसिल लेव्हियन यांनी ओळखलं की इथे रस्त्याआधी विमान लागेल. १९२७ मध्ये मस्टार या वैमानिकाने एक छोटं डी हॅविलंड विमान किनाऱ्यावरच्या ‘ले’ गावातून सोन्याच्या भागातल्या वाऊला नेलं. आठवड्याची वाट तासाभराच्या आत! वाऊची धावपट्टी इतकी उताराची की उतरायचं चढाकडे तोंड करून आणि उडायचं उताराच्या दिशेने.

पुढचा टप्पा तर थक्क करणारा. त्याच भागातल्या बुलोलोच्या नदीपात्रातलं सोनं काढायला अजस्र ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारी यंत्रं, हवे होते. ते सुटे करून, भाग-भाग विमानाने नेऊन तिथे जोडले. त्यासाठी आणलेल्या युंकर्स जी-३१ विमानांच्या छतालाच झडप होती. क्रेनने यंत्रं वरून आत सोडायची. पहिला ड्रेजर मार्च १९३२ मध्ये सुरू झाला. तो पाहायला लेव्हियन नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते.

यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा, आणि त्यात त्या हमालांनाही जागा द्या.