शिकागोच्या नावातली भाषा

‘अमेरिकेत राहायचं तर इंग्रजी यावंच लागतं ना? मग मुंबईत राहायचं तर मराठी का नको?’ पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हापासून माझा दादरचा मावसभाऊ फोनवर हेच विचारतो. मुंबईत मराठी हवी, हे मलाही मनापासून वाटतं. पण त्याने अमेरिकेचा दाखला दिला की मला राहवत नाही.

मी राहतो त्या शिकागोचं नावच बघा. नदीकाठच्या उग्र वासाच्या रानकांद्याला इथल्या मूळ रहिवाशांच्या मायामी-इलिनॉय भाषेत ‘शिकाक्वा’ म्हणत, त्यावरून ते पडलं. 1833च्या तहानंतर पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांना इथली जमीन सोडून मिसिसिपीपलीकडे जावं लागलं. 1837मध्ये शहराची वस्ती होती जेमतेम चार हजार, 1890मध्ये दहा लाखांवर. आयरिश आले, जर्मन, पोलिश, झेक आले, पुढे दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून कृष्णवर्णीय, मग मेक्सिकन. 1965च्या स्थलांतर कायद्याने दार उघडलं तेव्हा आपण.

या सगळ्यांत इंग्रजी भूमिपुत्रांची कधीच नव्हती. तीही बाहेरूनच आली. भूमिपुत्रांच्या मुलांना सरकारी निवासी शाळांत नेलं, आईची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा केली, आणि इंग्रजी शिकवली. नंतर हाच बडगा जर्मनांवरही उगारला गेला. नेब्रास्कात दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून रॉबर्ट मायर या शिक्षकाला 25 डॉलर दंड झाला. लहान मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवू न देणारा तो कायदा 1923मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

मावसभावाला वाटतं, मुंबईत मराठीची जागा इथल्या इंग्रजीसारखी असावी. मला मात्र मराठीची गत शिकाक्वाच्या भाषेसारखी होण्याची भीती वाटते. फेरीवाल्याच्या कानाखाली वाजवल्याचे व्हिडिओ तो पाठवतो, ते मला बघवत नाहीत. त्याची नात इंग्रजी माध्यमात जाते, त्याचं काय? माझ्या मुलीलाही मराठी वाचताना अडखळायला होतं, हे मी त्याच्यापासून लपवलेलं नाही.

मायामी-इलिनॉय बोलणारी शेवटची माणसं गेल्या शतकातच गेली. मग डॅरिल बाल्डविन या मायामी जमातीच्या गृहस्थाने जुन्या कागदपत्रांतून ती भाषा शिकून घेतली आणि घरात मुलांशी बोलायला सुरुवात केली. फ्रेंच पाद्र्यांचे हस्तलिखित शब्दकोश होते म्हणून ती पुन्हा उभी राहू शकली. आम्ही दोघं शिकलो ती पालिकेची मराठी शाळा पट नाही म्हणून बंद झाली. इमारत अजून आहे. आम्हाला बाराखडी शिकवणाऱ्या बाईसुद्धा अजून आहेत, मागच्या गल्लीत.