काम संपलं, पण कॉल संपत नाही

एसीचा कपॅसिटर बदलायला 15 मिनिटं लागतात. तो बदलला हे कंपनीच्या ॲपच्या गळी उतरवायला पाऊण तास. मे महिना, घोडबंदर रोडवरचे टॉवर, फोनवर कॉलची, म्हणजे दुरुस्तीच्या तक्रारींची, ही एवढी मोठी रांग, आणि आम्ही टेक्निशियन एसी सुरू करून झाल्यावर हॉलमध्ये बसून काय करतो? स्क्रीनवर गोल फिरणारं चक्र बघतो. काकूंना वाटतं, हा आता गार हवा खायला टेकला. बिचाऱ्या आधी पाणी विचारतात, मग चहा विचारतात, मग घड्याळाकडे बघायला लागतात.

बाहेरच्या माणसाला कळत नाही म्हणून सांगतो. एसी गार करायला लागला की काम झालं, असं तुम्हाला वाटतं. आमचे पैसे मात्र एसीवर नसतात, क्लोज झालेल्या कॉलवर असतात. ॲपमध्ये कॉल हिरवा झाला तर मोजला, नाहीतर पेंडिंग. आणि सकाळी पेंडिंग दिसला की सुपरवायझरचा फोन ठरलेला: "काल गेला होतास की नाही रे?" अहो, गेलो होतो! ती माणसं रात्रभर चादर घेऊन झोपली त्या एसीत!

बरं, क्लोज करताना ॲपला काय काय पाहिजे? इनडोअरचा स्टिकर, आउटडोअरचा स्टिकर, क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर, ग्रिलचं टेंपरेचर आणि गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा फोटो. आउटडोअर लटकलेला असतो डक्टमध्ये, स्टिकर उन्हानं पांढराफटक झालेला. सीरियल नंबर टाइप केला तर चालत नाही, स्कॅनच पाहिजे. बारकोडच उडालाय तर स्कॅन काय माझ्या कपाळाचं करू?

आणि गेजचं तर डोकंच फिरवणारं प्रकरण. कपॅसिटर गेलेला असतो, तो विजेचा पार्ट. गॅसला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो. तरी ॲप म्हणतं, प्रेशरचा फोटो टाका. आता गेज लावायचं म्हणजे सर्व्हिस पोर्टचं टोपण काढायचं, होज जोडायचा. जोडताना-काढताना फुस्स करून थोडा गॅस जातोच जातो. आर 32 आहे तो, मोजून ग्रॅममध्ये भरलेला, आणि थोडाफार पेट घेणाराही. म्हणजे धडधाकट सिस्टिम उघडायची, त्यातला गॅस थोडा उडवायचा, कशासाठी? वरच्या साहेबाला सुई 130-140 वर दिसावी म्हणून. फोटोशिवाय पुढचं पानच उघडत नाही. ज्यानं हे ॲप बनवलं त्यानं आयुष्यात एकदा तरी पान्हा हातात धरलाय का, मला खरंच विचारायचंय.

फोटो चढले, समजा. मग येतो बिघाडाचा कोड. इनडोअरमधून पाणी गळतंय, ही उन्हाळ्यातली सगळ्यात कॉमन तक्रार. कारण काय, तर ड्रेन पाइपात शेवाळ साचलंय, नाहीतर बाहेरच्या तोंडावर कबुतरानं काड्या कोंबल्यात. फुंकणी मारली, पाइप मोकळा झाला, विषय संपला. पण यादीत 'पाइप साफ केला' असं काही नाहीच. 'पाइप बदलला' आहे. 'इतर' पण आहे, पण 'इतर' निवडलं की कॉल जातो मंजुरीला, आणि मंजुरी देणारे साहेब जेवायला गेलेले असतात. मग पोरं काय करतात? 'पाइप बदलला' दाबतात आणि पुढच्या घरी पळतात. आता गंमत बघा. ॲप त्या टेक्निशियनच्या नावावरच्या स्टॉकमधून पाइप वजा करतं. प्रत्यक्षात पाइप बॅगेतच. महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही, की स्टोअरवाला संशयानं बघणार. आणि तिकडे ऑफिसात रिपोर्ट निघतो, अमुक मॉडेलचे पाइप फार खराब होतायत. कबुतरांचं नाव कुठेच नाही! खरं लिहायची सोयच ठेवलेली नाही आणि वर म्हणे डेटावर निर्णय घेतो.

पण या सगळ्याचा बाप म्हणजे ओटीपी. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय कॉल क्लोजच होत नाही. बँका, पोलीस, रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं कंठशोष करतायत की ओटीपी कुणालाही सांगू नका. मध्यंतरी तर कुणालाही फोन लावा, आधी अमिताभ बच्चन सायबर फसवणुकीपासून सावध करायचे. लोकांनी एवढं ऐकलं, एवढं शिकले, आणि आता घामानं भिजलेला एक अनोळखी माणूस दारात उभा राहून म्हणतो, "आजी, मोबाइलवर नंबर आलाय, सांगता का?" आजी कशाला सांगेल? मी असतो तर दार लावून घेतलं असतं.

त्यात फ्लॅट भाड्याचा असला की संपलंच. एसी घरमालकाचा, नंबर रजिस्टर घरमालकाचा, आणि तो मालक बसलाय दुबईला. ओटीपी तिकडे वाजतो. भाडेकरू ताई त्याला व्हॉट्सॲप करणार, तो मीटिंगमधून बाहेर येऊन बघणार, तोवर कोडची मुदत संपणार. परत पाठवा. परत संपणार. बॅकएंडला, म्हणजे ऑफिसातल्या मुलीला, फोन केला तर उत्तर पाठ: "दादा, ओटीपीशिवाय माझ्याकडून पण होत नाही." तिची चूक नाही, तिलाही तेवढीच बटणं दिलीत. पण मी वैतागायचं कुणावर?

आणि हे सगळं नेटवर्क असेल तर. बेसमेंटच्या सर्व्हर रूममध्ये रेंजच्या नावानं शंख. ऑफलाइन सेव्ह होतं म्हणतात, होतंही, पण वेळ नोंदली जाते अपलोडची. दुपारी संपवलेलं काम संध्याकाळी हायवेवर सिग्नलला थांबल्यावर चढतं, आणि वेळ ओलांडली म्हणून लाल शेरा. वर लोकेशन जुळत नाही, ते वेगळंच. अहो साहेब, मी तळघरात असताना तुमचं जीपीएस आकाशाला विचारत होतं!

पूर्वी कार्बनची जॉबशीट होती. गिऱ्हाइकानं सही केली, पिवळी प्रत त्याला, पांढरी ऑफिसला, राम राम. त्यातही चोऱ्या व्हायच्या, नाही असं नाही. न जाताच सह्या ठोकणारे महाभाग होतेच. पण त्या चार जणांपायी बाकी सगळ्यांनी रोज प्रत्येक घरात आपण चोर नाही हे सिद्ध करत बसायचं?

परवा नवीन अपडेट आलं. वाटलं, चला, ती कोडची यादी तरी सुधारली असेल. यादी तश्शीच. फक्त शेवटी एक पान वाढलंय: ग्राहकासोबत सेल्फी काढा, चेहरे हसरे दिसले पाहिजेत. रात्री साडेनऊला, गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकूंना आता हे मी कुठल्या तोंडानं सांगू?