समजून घे म्हणाली, घेतलं, आता त्याचाच राग

"प्रत्येक गोष्टीचा तू प्रोजेक्ट करून टाकतेस." हे ताई मला आज संध्याकाळी म्हणाली. तिच्या मैत्रिणी दारात बूट घालत होत्या, त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. चार तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे, झोप येणार नाहीये, म्हणून लिहितेय.

ताई हल्ली गॉथ झालीये, म्हणजे काळे कपडे, काळे ओठ आणि त्याच्यासोबतची ती गाणी. तर झालं एवढंच की त्यातल्या एकीने मला विचारलं, तुला माहितीये का गॉथ म्हणजे काय. तिने विचारलं हां, मी आपणहून तोंड उघडलं नव्हतं. मग सांगितलं की सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पोस्ट-पंक नावाच्या रॉक संगीतातून हे सगळं निघालं, १९७९ मध्ये बाउहाउस बँडचं बेला लुगोसीवरचं गाणं आलं, नऊ मिनिटांच्या वरचं, आणि बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या सिनेमात ड्रॅक्युला झालेला नट, मग १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला, आणि इमो हा संगीतप्रकार वेगळा, तो ऐंशीच्या दशकात अमेरिकेत वॉशिंग्टनच्या हार्डकोर पंकमधून आला, त्यामुळे ताईच्या भिंतीवरची दोन पोस्टर्स गॉथ नाहीतच. हे शेवटचं बोलायला नको होतं म्हणे. का नको? खरं आहे ते. ती मैत्रीण तर ऐकत होती, मध्ये दोन प्रश्न पण विचारले तिने, फक्त ताईची मान खाली गेली होती आणि ते मला त्या गेल्यावर सांगण्यात आलं.

तीन आठवड्यांपूर्वी हीच बाई मला म्हणाली होती, नुसती टक लावून बघत बसू नकोस, जरा समजून घे ना. घेतलं! समजून घेणं म्हणजे मला वाचणं, ऐकणं, कशानंतर काय आलं ते लावणं, दुसरा रस्ता मला येत नाही आणि हे तिला माझ्या जन्मापासून माहितीये. ती गाणी मी हेडफोन लावून एकेक करून ऐकली, त्यातली निम्मी कानाला टोचतात तरी ऐकली, तिच्यासाठी. आणि आता म्हणते, माझी एक गोष्ट पण तू माझी राहू देत नाहीस.

आणि सांगितलं कुणी होतं मला आधी? एका शनिवारी क्लासवरून आले तर आमच्या घरात काळे केस, काळे ओठ, पांढराफटक चेहरा असलेली एक मुलगी फ्रिज उघडून उभी. मी ओरडले. त्यावर सगळे हसले, आई पण. गेल्या वर्षी सहलीवरून आले तेव्हा माझ्या खोलीचा रंग असाच बदललेला, सरप्राइज म्हणे. मला सरप्राइज नको असतं हे मी किती वेळा सांगायचं, बोर्ड लावू का दारावर?

मी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, ओठ बघते. ताईचा वरचा ओठ डावीकडून जरासा उचलला की ती चिडवतेय, घट्ट मिटला की खरंच रागावलीय, हे शिकायला मला वर्षं लागली आहेत. आता लिपस्टिकखाली ओठाची कडच सापडत नाही. चपलेच्या आवाजावरून जिन्यात कोण आहे ते कळायचं, तेही गेलं, आता सगळ्यांच्या आधी ते बकलांचे बूट आणि जीन्सची साखळी, खण खण खण, प्रत्येक पायरीला, घरातसुद्धा काढत नाही ती.

पण हे सगळं मी सहन करेन. माझी आग कुठे होते सांगू? मी पाच वर्षं एकाच प्रकारचे राखाडी टीशर्ट घालते, त्यांची शिवण टोचत नाही, तर तो प्रॉब्लेम, त्यावर घरात चर्चा, समुपदेशकांकडे चर्चा. ती रोज काळं घालते तर ती तिची ओळख. मी पाहुण्यांसमोर हसले नाही तर उद्धट, ती हसत नाही तर तो लुक. आवाजाचा, स्पर्शाचा त्रास होणं हे २०१३ पासून ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच लिहिलेलं आहे, तरी मी कान झाकले की "नाटकं नको". आणि तिला रस्त्यात लोक वळून बघतात तेव्हा ती ताठ चालते, बघू देत म्हणते. माझ्याकडे पण बघायचे गं ताई. मी हात हलवायचे तेव्हा. आणि तू माझं मनगट पकडून खाली दाबायचीस, लोक बघतायत म्हणून, इतकं घट्ट की बोटांचे वळ राहायचे. मी सहा वर्षांची होते, तू दहा. कुठला हात तेही आठवतंय मला. उजवा.

तू गॉथ झालीस ते मला आवडलंय. खरंच आवडलंय, हे कुणी विचारलंच नाही.

मघाशी तिला मेसेज केलाय. एक, बूट दाराबाहेर काढशील का. दोन, पुढच्या वेळी केस बदलायच्या आधी मला सांगशील का. तीन, मी हात हलवला तर आता चालेल का. फक्त हो किंवा नाही लिही म्हटलं. निळ्या टिक आल्यात, पंचवीस मिनिटं झाली. भिंतीपलीकडे तेच नऊ मिनिटांचं गाणं तिसऱ्यांदा लागलंय.