मेडिकेअरची कात्री नेमकी कुठे चालली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

डॉक्टरसाहेब, नमस्कार. प्रतिक्रिया इतकी तपशीलवार लिहिलीत, मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2010च्या अमेरिकन आरोग्य कायद्याने, म्हणजे ओबामाकेअरने, विमा नसलेल्यांची सोय केली, पण भुर्दंड पडला तो ज्येष्ठांवर आणि डॉक्टरांवर. पुरावा म्हणून तुम्ही मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, ‘काढून घेतलेले’ 716 अब्ज डॉलर दिलेत.

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा. कायदा रद्द केला तर दहा वर्षांत मेडिकेअरचा खर्च तेवढा वाढेल, असा अमेरिकन संसदेच्या (काँग्रेसच्या) बजेट ऑफिसचा 2012चा अंदाज होता. कायद्याने होणारी ही बचत मुख्यतः दोन ठिकाणांहून यायची होती. एक, रुग्णालयांच्या दरांत दरवर्षी होणारी वाढ जरा आवरली. दोन, मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे मेडिकेअरच्या खासगी योजना, चालवणाऱ्या खासगी कंपन्यांना मिळणारे जादा पैसे कमी केले. 2009 साली या कंपन्यांवर माणशी साध्या मेडिकेअरपेक्षा सुमारे 14 टक्के जास्त खर्च होत होता. तो का चालू ठेवायचा? मेडिकेअरचा रुग्णालय निधी 2017 साली आटेल असं 2009चा अहवाल सांगत होता. कायद्यानंतरच्या 2010च्या अहवालात ते साल 2029 झालं.

आणि ज्येष्ठांना काय मिळालं, ते तर तुम्ही तपासणीच्या टेबलापलीकडून पाहिलं असणार. 2010 साली औषधांचा एकूण खर्च 2,830 डॉलरवर गेला की मेडिकेअरचा औषधविमा हात वर करायचा. मग स्वतःच्या खिशातून गेलेली रक्कम 4,550 डॉलर होईपर्यंत सगळं बिल पेशंटचं. हाच तो ‘डोनट होल’. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेला माणूस वर्ष संपायच्या कितीतरी आधी त्यात सापडायचा, आणि गोळ्या दिवसाआड घ्यायला लागायचा. नव्या कायद्याने 2011पासून ब्रँडेड औषधांवर त्या टप्प्यात 50 टक्के सूट दिली आणि 2020पर्यंत हा खड्डा बुजला. वार्षिक तपासणी मोफत झाली, ते वेगळंच.

आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे ग्रीन कार्डावर आलेले आईवडील. पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकतही घेता येत नाही. पूर्वी वडिलांना मधुमेह आहे म्हटल्यावर विमा कंपनी सरळ नकार देऊ शकायची. 2014पासून आधीच्या आजारामुळे नाकारता येत नाही, त्यामुळे मधल्या वर्षांसाठी मार्केटप्लेसवरची (या कायद्याने उभारलेल्या विमाबाजारातली) पॉलिसी घेता येते. सबसिडी नसेल तर ती महाग पडते, मान्य. पण दार उघडलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता डॉक्टरांबद्दल. कॉम्प्युटरवर टायपिंग करण्यात दिवस जातो, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. मात्र तो रेटा 2009च्या दुसऱ्या कायद्यातून आला, तो ओबामाकेअरच्या खात्यावर मांडू नका. ओबामाकेअरने उलट 2011 ते 2015 प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मेडिकेअरमध्ये 10 टक्के बोनस दिला. डिस्चार्जनंतर पेशंट महिन्याभरात परत दाखल झाले की या कायद्याने रुग्णालयांना होणाऱ्या दंडाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. गरीब वस्तीतल्या रुग्णालयांना तो नाहक भोवला. 2016च्या कायद्याने दंड ठरवताना रुग्णालयांची तुलना करण्याची पद्धत बदलावी लागली, ती उगाच नाही.

रुग्णालयाला तोट्यात नेणाऱ्या बुडीत बिलांचा तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो, असं मला वाटतं. 1986पासून इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही, पैसे असोत नसोत, तपासून सावरावंच लागतं. विमा नसेल तर ते बिल रुग्णालयाच्या अंगावर. या कायद्यानुसार मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) वाढवलेल्या राज्यांत ही बुडीत बिलं ठळकपणे घटली. 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली आणि टेक्सास, फ्लोरिडाने ती घेतलीच नाही. तुम्ही प्रॅक्टिस कुठल्या राज्यात केलीत ते लिहिलं नाहीत. या दोहोंपैकी एखाद्यात केली असेल, तर तुमच्या रुग्णालयाचा तोटा या कायद्याने झाला, की तिथल्या विधिमंडळाने तो अर्धाच घेतल्यामुळे? यावर तुमचं मत वाचायला मला खरंच आवडेल.