टीव्हीवरच्या वादफेरीची सक्ती : फिरत असलेला मेसेज चुकीचा आहे

‘अमेरिकेत उमेदवारांना टीव्हीवर वादफेरी (समोरासमोर वादविवाद) कायद्याने सक्तीची आहे, आपल्याकडे मात्र निवडणूक आयोगाने तिच्यावर बंदी घातली आहे,’ असा मेसेज फिरतो आहे. त्यातली दोन्ही विधानं चूक आहेत.

अमेरिकेत अशी सक्ती नाही. अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली फेरी २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत झाली. त्यानंतर १९६४, १९६८ आणि १९७२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारांची एकही झाली नाही. कायदा असता तर हे चाललं असतं का? २०२४ ची जूनमधली बायडेन-ट्रम्प फेरीही दोघांच्या प्रचारयंत्रणा आणि सीएनएन वाहिनी यांच्यात ठरली. उत्तराला २ मिनिटं, आणि आपली पाळी नसताना माइक बंद.

भारतात बंदी नाही, सक्तीही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात टीव्हीवरून निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवायला मनाई करतं. बहुधा घोळ इथेच झाला. दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना मोफत वेळ मिळतो, पण भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. ती वादफेरी नव्हे.

मे २०२४ मध्ये दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि एका ज्येष्ठ पत्रकाराने मोदी व राहुल गांधींना निमंत्रण दिलं होतं. तो आयोगाचा आदेश नव्हता. फेरी झालीच नाही.

नेत्यांनी यावं, असं आमचंही मत आहे. पण जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.