आठ वाजता नक्की

चार जणांनी रात्री आठ वाजता मिळून एक फुकट गेम खेळायचा, यात अवघड ते काय, असं विचारणाऱ्याचा कॉम्प्युटर बहुधा दुसरंच कुणीतरी सांभाळत असतं. आठचे साडेनऊ कसे होतात याचा मिनिटवार हिशेब माझ्याकडे आहे.

आधी शब्दांचं बघू. फुकट आणि मुक्त या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द असल्यामुळे तिकडे वर्षानुवर्षं वाद चाललेत. आपल्याकडे दोन शब्द आयतेच आहेत. टीम फोर्ट्रेस २ हा २०११ पासून फुकट आहे. झीरो एडी मुक्त आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड उघडा आहे, घ्या आणि हवा तसा बदला. फुकट गेम तुम्हाला खेळातल्या पात्रांच्या टोप्या विकतो, मुक्त गेम तुमच्याकडे बग रिपोर्ट मागतो. मला दुसरा व्यवहार परवडतो.

कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चांगली यावर मी तासभर बोलू शकतो. पण चौघांतला एक जण म्हणाला, "आज व्हॅलोरंट," की माझं भाषण तिथेच संपतं. त्या गेमचा व्हॅनगार्ड नावाचा, लबाडी पकडणारा रखवालदार विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतो, तोही गेम सुरू केल्यावर नाही, तर कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर तो येत नाही, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, विंडोज लपवून बघितलं तरी त्याला वास लागतो. म्हणजे गेमसाठी खरं विंडोज हवं. विंडोज ११ असेल तर वर सिक्युअर बूट (सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) चालू हवं.

बरं, सिक्युअर बूट चालू केलं, की शेजारच्या पार्टिशनवरचा, म्हणजे डिस्कच्या दुसऱ्या भागातला, लिनक्स रुसतो. त्यात एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर घरच्या घरी कंपाइल केलेला असेल तर त्याच्यावर सही लागते, आणि ती सही मशीनला ओळखीची करून द्यावी लागते. त्यासाठी पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो आणि निघून जातो. नेमक्या त्या दहा सेकंदांत माणूस पाणी प्यायला उठलेला असतो. मग त्या सहीची किल्ली पुन्हा नोंदवा, पासवर्ड पुन्हा ठरवा, पुन्हा रीस्टार्ट.

डबल बूटचा, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्हींचा, संसार करणाऱ्यांनी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून टाकाव्यात. पहिली, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करणं. ते चालू असताना 'शट डाउन' म्हटलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नल डिस्कवर गुंडाळून डुलकी काढतं. त्यामुळे ते पार्टिशन लिनक्सला अर्धवट उघडं दिसतं आणि तो त्यावर लिहायला नकार देतो. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं तर विंडोज खरोखर बंद होतं. ज्याला बंद म्हणतात ते बंद नाही आणि ज्याला पुन्हा सुरू म्हणतात तेच खरं बंद, हे घरातल्या इतरांना समजावायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट घड्याळाची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ टाइमझोनच्या फरकाइतकी सरकते. एरवी हे चाललं असतं, पण सर्व्हरच्या ओळखपत्राची, म्हणजे सर्टिफिकेटची, मुदत घड्याळावरून तपासली जाते. त्यामुळे 'लॉगिन अयशस्वी' असं दिसतं, माणूस तीनदा पासवर्ड बदलतो आणि बिचाऱ्या पासवर्डचा त्यात काही दोष नसतो. उपाय एका ओळीचा आहे. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायचं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या वहीत, त्याला जागतिक वेळ शिकवायची. दोन्ही एकदम करू नये. उत्साही लोक करतात.

मॅकवाल्यांबद्दल मला सहानुभूती आहे. २०१९ च्या कॅटलिना या मॅकओएसच्या आवृत्तीने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, सगळे गेम एका फटक्यात बाद केले, आणि काउंटर-स्ट्राइक २ तर मॅकवर आलाच नाही. मॅकवाला मित्र मात्र आठच्या ठोक्याला हजर असतो, कारण त्याला जुळवाजुळव करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

लिनक्सची बाजू मी घेतो, पण डोळे उघडे ठेवून. २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन आला आणि दिवस पालटले. त्याच्या पोटातलं वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९३ पासून चालू आहे, म्हणजे आज गेममध्ये आपल्याला मारणाऱ्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठं. डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेचं लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा थर इतका चांगला झालाय की एकट्याने खेळायचे बहुतेक गेम निमूट चालतात. घोडं अडतं ते मल्टिप्लेअरला. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघा रखवालदारांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार किलकिलं केलं, पण कडी गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवली. काही जण ती काढतात, काही काढतच नाहीत, आणि एपेक्स लेजंड्ससारखे आधी काढून २०२४ मध्ये परत लावतात. म्हणून 'गेम लिनक्सवर प्लॅटिनम दर्जाचा चालतो' असा कुणा खेळाडूचा जुना अभिप्राय वाचून कुणाला आठ वाजता बोलावू नये. अभिप्रायाची तारीख बघावी, आणि तो माणूस ऑनलाइन खेळला होता की नुसता मेन्यू बघून खूश झाला होता, तेही.

आता एक खास खड्डा, ज्यात हुशार माणसंच पडतात. दोन्ही सिस्टिमना मिळून गेमचं एकच फोल्डर, तेही विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर: शंभर जीबी दोनदा कशाला उतरवायचे? हिशेब बिनतोड. पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं विंडोज उभं करतो, त्यात डॉसडिव्हायसेस नावाचं फोल्डर असतं, आणि त्या फोल्डरात 'सी:' आणि 'झेड:' नावाच्या लिंक असतात. ते दोन टिंब बघा. विंडोजमध्ये फाइलच्या नावात ते चालत नाहीत. लिनक्स बिनदिक्कत लिहून जातो, आणि पुढच्या खेपेला डिस्क तपासणारं विंडोज चोर सापडल्यासारखं दुरुस्तीला बसतं. निदान ही खोटी विंडोज जिथे राहतात ते कॉम्पॅटडेटा फोल्डर तरी लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर ठेवून त्याची लिंक द्यावी. मला विचाराल तर गेम दोनदा उतरवावा आणि रात्री झोपावं.

एवढं सगळं टाळायला मुक्त गेम आहेत. झीरो एडी, झोनोटिक, सुपरटक्सकार्ट हे तिन्ही सिस्टिमवर चालतात आणि रखवालदार कुणाकडेच नाही. फक्त आवृत्ती एकच हवी. झीरो एडीमध्ये सैनिक कुठे उभा आहे हे एकमेकांना पाठवलंच जात नाही. पाठवले जातात ते हुकूम, आणि प्रत्येकाचा कॉम्प्युटर तीच लढाई आपापली मोजतो. मोजणीत तसूभर फरक पडला तर खेळ 'आउट ऑफ सिंक', त्यामुळे २६ वाला आणि २७ वाला एका मैदानात येऊच शकत नाहीत. स्थिर डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा सावकाश बदलणारा अवतार, वापरणाऱ्याच्या सॉफ्टवेअर-भांडारात नेमकी जुनी आवृत्ती असते आणि त्याला तिचा अभिमान असतो. त्याला फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज, घ्यायला लावणं, वीस मिनिटं. त्यातली पाच डाउनलोडची.

मग सर्व्हर घरून चालवायची हौस. लुआंटी, म्हणजे २०२४ पर्यंतचं माइनटेस्ट, या मुक्त गेम-प्लॅटफॉर्मला यूडीपीचं ३०००० पोर्ट, म्हणजे त्या क्रमांकाचं दार, लागतं. लोक टीसीपी या डेटा पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीचं उघडतात आणि राउटरला शिव्या देतात. पोर्ट ज्या मशीनकडे वळवलं तिचा आतला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा, नाहीतर उद्या तो पत्ता प्रिंटरला मिळतो आणि मित्र प्रिंटरचं दार ठोठावतात. सगळं बरोबर असूनही कुणी आत येत नसेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर सेवा देणाऱ्याने अख्ख्या वस्तीला एकाच पत्त्यामागे बसवलंय, आणि पोर्ट उघडत राहणं म्हणजे भिंतीवर रंगवलेलं दार ढकलणं.

या सगळ्याला कंटाळून एकाच कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी बसून सुपरटक्सकार्ट खेळायचं ठरतं. पडद्याचे दोन भाग, दोन ब्लूटूथ कंट्रोलर, ना आवृत्ती ना पोर्ट. कंट्रोलर मात्र काल विंडोजमध्ये जोडलेले असतात. जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टिम आपली वेगळी ठेवते, पण ब्लूटूथचा पत्ता दोन्हींचा एकच. त्यामुळे कंट्रोलरला वाटतं ओळखीचाच माणूस आहे, मग किल्ली का जुळत नाही? बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकू द्यायचा, जुनी नोंद काढून नवी करायची. एक जोडला, आता दुसरा.

दुसऱ्याची बॅटरी संपलेली आहे.